साचा एक, यादी ज्याची त्याची



संगणकाची पायथन ही भाषा शिकणाऱ्या मुलांसाठी आज एकच गोष्ट सांगतो. पालकांनीही ती ऐकावी.

शाळेच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहिताना 'विद्यार्थी' नावाचा साचा करतात. त्याला क्लास म्हणतात. पायथनमध्ये 'टाइप' वापरून असा साचा प्रोग्रॅम चालू असतानाही घडवता येतो. सोय मोठी, पण इथेच पाय घसरतो.

समजा, साच्यातच 'गुण' नावाची रिकामी लिस्ट ठेवली. ही लिस्ट एकदाच तयार होते. पुढे त्या साच्यातून निघालेले सर्व विद्यार्थी तीच वापरतात. हजेरी क्रमांक १ च्या लिस्टमध्ये ७८ गुण घातले, की ते क्रमांक २ च्या नावावरही दिसतात! संगणक तक्रार करीत नाही. एकाच विद्यार्थ्यावर तपासले तर सारे ठीक वाटते. म्हणून नेहमी दोघांवर तपासावे. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर गेले, तर नुकसान मुलाचे होते, संगणकाचे नव्हे.

मग सामाईक मूल्य ठेवूच नये काय? तसे नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू-तलासरी त्यात आले. शाळेचा जिल्हा साच्यात असेल, तर तिथे एकदा 'पालघर' लिहिले की सर्वांना तेच दिसते. हे योग्यच आहे. परंतु २०१४ पूर्वी जन्मलेल्या मुलाच्या जन्मनोंदीतला 'ठाणे' जिल्हा त्याचा स्वतःचा आहे. तो असा बदलता कामा नये.

उपाय सोपा आहे. प्रत्येक विद्यार्थी तयार होताना त्याला नवी लिस्ट द्यावी. २०१८ साली पायथन ३.७ मध्ये डेटाक्लास आले. त्यात लिस्ट, डिक्शनरी किंवा सेट थेट साच्यात ठेवू पाहिल्यास प्रोग्रॅम तिथेच अडतो. चालू प्रोग्रॅममध्ये 'मेक डेटाक्लास' वापरून केलेल्या साच्यालाही हाच नियम आहे. त्याऐवजी 'डिफॉल्ट फॅक्टरी' लिहावे, म्हणजे ज्याला त्याला नवी लिस्ट मिळते. मात्र आपण स्वतः घडवलेली बदलती वस्तू या पहाऱ्यातून निसटू शकते. तेव्हा सारा भार यंत्रावर टाकू नका.

मित्रांनो, प्रत्येक मूल्य लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा : हे सर्वांचे, की एकाचे? उत्तर मिळाल्यावरच पुढची ओळ लिहा.