चौरस फुटांपलीकडची चाळ

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, इमारतींचा नाही. पण काळाचौकीतल्या आमच्या चाळीची रचना मला पाठ आहे. लाकडी खांब, मधोमध जिना, पुढे सलग गॅलरी. खोलीतच मोरी नि पोटमाळा. संडास मजल्याच्या टोकाला. गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत, म्हणून एवढ्याशा खोलीत भागायचं. बाकी सगळं जगणं गॅलरीत.

१९४७च्या कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली. १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. आमचे टेकू मात्र हलले नाहीत.

आता पुनर्विकास. बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. घरात संडास, ही लहान गोष्ट नाही. गुडघे धरून रात्री टोकापर्यंत जाणारी आई मी पाहिली आहे.

पण आमच्या सभेत सगळे फक्त चौरस फूट विचारतात. मी विचारलं, पॅसेज किती रुंद? उजेड कुठून येणार? लोक हसले. अब्बा गेले तेव्हा अख्खा मजला गॅलरीत बसला होता. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावेल का, हे नकाशात लिहिलेलं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा सभा आहे. मी मोजपट्टी घेऊन जाणार आहे.