गणपतीची मालमोटार आणि चाकांतील हवा
लालबाग-परळची प्रचंड गणेशमूर्ती ट्रॉलीवर घेऊन जी मालमोटार अनंतचतुर्दशीला गिरगाव चौपाटीकडे संथ गतीने निघते, तिच्या मागील चाकांवर ट्रॉलीचाही काही भार येत असल्याने, त्यांतील हवेचा दाब उत्पादकाने त्या भारासाठी नेमून दिलेल्या प्रमाणाबरहुकूम असणे अगत्याचे आहे. तो उणा असल्यास टायरच्या बाजू वारंवार वाकून तापतात, टायर फुटू शकतो, आणि भोवती तर माणसांचा महासागर लोटलेला असतो! पुढे तीच गाडी रिकामी धावताना दाब तितकाच राहिला, तर टायरचा मधला पट्टा झिजतो व ओल्या रस्त्यावर पकड सुटते. दाब टायर थंड असतानाच मोजावा; तापलेल्या टायरमधील हवा सोडू नये. चालकबंधूंनो, मूर्ती हलण्यापूर्वी जादा चाकही तपासून घ्या.