नकाराचे पत्र आल्यावर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



परदेशातील नोकरी आपल्या समाजाला नवी नाही. कोकणातील कित्येक घरांच्या चुली आखातातून येणाऱ्या पैशावर पेटल्या. आता आपली मुले ऑस्ट्रेलियासारख्या देशांतही जाऊ लागली आहेत. तेथे मालकाच्या पाठिंब्यावर मागितलेला व्हिसा नाकारला गेला तर काय करावे, एवढ्यावरच मी आज चार शब्द बोलणार आहे.

प्रथम ध्यानात घ्यावे की, या कामात मुख्यतः दोन अर्ज असतात. पहिला मालकाचा, त्याला नॉमिनेशन म्हणतात. नोकरीची जागा खरी आहे आणि पगार तेथील कामगाराच्या पगाराहून कमी नाही, हे मालकाने दाखवावयाचे असते. दुसरा अर्ज उमेदवाराचा. त्यात अनुभव, इंग्रजी, प्रकृती, वर्तणूक पाहतात. पहिला अर्ज कोसळला की दुसरा उभा राहत नाही.

माझ्या परिचयाचा एक तरुण तेथे उपाहारगृहात आचारी होता. मालकाचे नॉमिनेशन नामंजूर झाले. मालक म्हणाला, "बघू." बघता बघता मुदत टळून गेली. पुढे तरुणाचा व्हिसाही नाकारला गेला. त्याने फी भरून अपील केले, दाखले जोडले, सुनावणीत नीट उत्तरे दिली. परंतु मंजूर नॉमिनेशनच नव्हते. ट्रिब्युनल तरी काय करणार? मालकाला मिळालेल्या नकाराविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मालकाचाच असतो, नोकराचा नव्हे. कर्ज काढून गेलेला मुलगा कर्ज घेऊनच परतला.

पूर्वी हे काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनलकडे होते. १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या जागी अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आले आहे. अधिकाऱ्याची चूक दाखवली तरच दाद मिळते, असे येथे नाही. ट्रिब्युनल सारे प्रकरण नव्याने तपासते, नवे पुरावेही पाहते. म्हणून पगाराच्या नोंदी, कराची कागदपत्रे, अनुभवाचे दाखले यांना तेथे मोल आहे. निकाल अनुकूल लागला तर प्रकरण बहुधा फेरविचारासाठी खात्याकडे परत जाते. व्हिसा हातात पडतोच असे नाही. त्यापुढे न्यायालय आहे. मात्र तेथे कायद्याची चूक पाहतात. उमेदवार लायक आहे की नाही, हे पाहत नाहीत.

तेव्हा मुलांनो, नकाराचे पत्र आले तर रडत बसू नका आणि ते पेटीतही ठेवू नका. तीन गोष्टी वाचा. कोणता अर्ज नाकारला? अपिलाचा हक्क आहे का, आणि कोणाला? मुदत कधी संपते? मुदत साधारणपणे २८ दिवसांची असते. ती टळली तर ट्रिब्युनललाही वाढवून देता येत नाही. नॉमिनेशन नाकारले असेल तर मालकाच्या "बघू"वर विसंबू नका; अपील दाखल केल्याची पावती मागा. सल्ला घ्यावयाचा तो तेथील नोंदणीकृत सल्लागाराचा किंवा वकिलाचा, गावातील दलालाचा नव्हे.

आणि पालकांनो, जमीन गहाण टाकण्यापूर्वी मुलाला एक प्रश्न अवश्य विचारा: "मालकाचा अर्ज मंजूर झाला का? कागद दाखव." कागद वाचता यावा म्हणूनच तर आपण मुलांना शिकवतो.