नेत्याने आपला हिशेब कोणापुढे मांडावा?



ख्रिस्ती नेत्याने स्वतःची तपासणी स्वतः करावी का? करावी, रोज करावी. पण त्या तपासणीचा निकालही त्यानेच लावावा का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते माझ्या पदरचे नाही. आपल्या परंपरेत ज्यांनी आत्मपरीक्षण सर्वांत गंभीरपणे केले, त्यांच्याकडूनच ते आले आहे.

संत इग्नेशियस लोयोला यांच्याकडे पाहा. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला. पुढच्या वर्षी हा सरदार मान्रेसा गावी उपवास-प्रार्थनेत राहू लागला आणि तिथे शंकांनी त्याला ग्रासले. पापनिवेदन झाले तरी एखादे पाप सांगायचे राहिले असेल, या भीतीने ते जुनी पापे पुन्हा पुन्हा उकरीत. शेवटी जीव देण्याचे विचार मनात येऊ लागले. त्यांनी अन्नपाणी सोडले, तेव्हा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती मानली. इतका कठोर परीक्षक, पण कुठे थांबायचे हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागले. आत्मपरीक्षणाचा अतिरेक माणसाला पोखरतो, हे ज्याने स्वतः भोगले, त्यानेच पुढे आत्मपरीक्षणाची शिस्त घालून दिली.

‘आध्यात्मिक साधना’ या त्यांच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातली एक रीत अशी: एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करायचा. दुपारी आणि रात्री जेवणानंतर तासातासाचा आढावा घ्यायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर मांडायचे. मग कालची रेघ आजच्या रेघेशी ताडायची, हा आठवडा मागच्याशी. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण ‘मी बराच सुधारलो’ या भावनेवर ती विसंबत नाही. रोजच्या सर्वसाधारण तपासणीची सुरुवात तर त्यांनी देवाचे आभार मानण्यापासून करायला सांगितली. दिवसभर लग्ने, अंत्यविधी, शाळेची भांडणे आणि बांधकामाची बिले यांत पिसला गेलेला धर्मगुरू रात्री दहा मिनिटे असा बसला, तर सकाळी वेदीसेवक मुलावर आपण ओरडलो आणि लगेच करुणेवर प्रवचन दिले, हे त्याला दिसेल. हे दिसणे लहान नाही.

पण जी चूक चूक वाटतच नाही, तिचा ठिपका कुठे पडणार?

दावीद राजाला न्याय कळत नव्हता असे नाही. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावल्याची गोष्ट नाथान संदेष्ट्याने सांगितली, तेव्हा दावीद संतापला आणि त्याने त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा योग्य ठरवली. तो माणूस तूच, हे मात्र नाथानाला सांगावे लागले. आपलाच सैनिक उरिया याच्या घराचा नाश केलेल्या राजाची न्यायबुद्धी शाबूत होती, फक्त ती स्वतःकडे वळत नव्हती. संत पौलानेही करिंथकरांना लिहिले की त्याचे मन त्याला दोष देत नाही, पण तेवढ्याने तो निर्दोष ठरत नाही.

आपल्या मराठी घरातले उदाहरण रेव्ह. ना. वा. टिळकांचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा संघ उभारला. हा माणूस स्वतःला तपासत नव्हता असे कोण म्हणेल? तरी १९३४ पासून प्रसिद्ध झालेली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली की कळते, टिळकांच्या रागाचा आणि हात मोकळा सोडून देण्याचा भार घरावर कसा पडत होता. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे नवरा-बायको वेगळे राहिले, त्यात लक्ष्मीबाईंनी काय सोसले, तेही कळते. टिळकांच्या हिशेबात ती श्रद्धेची पावले होती. लक्ष्मीबाईंनी हे सारे प्रेमाने लिहिले, आणि म्हणूनच ते इतके खरे उतरले. नेत्याला आपला हेतू दिसतो, परिणाम मात्र त्याच्या सोबत्यांच्या अंगावर पडतो.

आणि जिथे हेतूच काळा असतो? चेन्नईत जन्मलेले, जगभर गाजलेले ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस यांचे मे २०२० मध्ये निधन झाले. त्यांनी स्त्रियांशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे बाहेरच्या वकिलांच्या चौकशीतून फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. आपण झकरायस यांच्या शब्दावर विश्वास ठेवला ही आपली चूक झाली, हे त्यांनी स्थापलेल्या संस्थेच्या संचालक मंडळाने मान्य केले. तोवर त्या स्त्रियांनी काय भोगले! अशा माणसाच्या हाती स्वपरीक्षणाची प्रश्नावली देऊन काय उपयोग?

म्हणून चर्चने कुणालाच स्वतःचा न्यायाधीश होऊ दिले नाही. कोणताही धर्मगुरू स्वतःला पापक्षमा देऊ शकत नाही. मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्स बॅसिलिकात सर्वांसमक्ष एका धर्मगुरूपुढे पापनिवेदनासाठी गुडघे टेकून बसले होते. प्रोटेस्टंट बाजूला जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम केले. त्यांत येणाऱ्याला आधीच विचारले जाई, तुझे दोष तुला तोंडावर सांगितलेले चालतील ना?

नेतृत्व-प्रशिक्षणात आज प्रश्नावली भरून घेतात. ‘मी इतरांचे ऐकतो का?’ जो ऐकत नाही, तो प्रामाणिकपणे पाचपैकी पाच गुण घेतो. तोच प्रश्न चर्चचा सेवक, धर्मशिक्षिका, गायनमंडळातली तरुण पोरे आणि खजिनदार यांनाही विचारा, नाव न लिहिता. उत्तरे त्या नेत्याने गोळा करू नयेत, दुसऱ्याने करावीत. दोन्ही उत्तरांत जिथे अंतर पडेल, तिथून त्याने आपली रात्रीची तपासणी सुरू करावी.

पैशाचा गैरव्यवहार आणि लहान मुलांचे किंवा स्त्रियांचे शोषण यांना मात्र या प्रश्नावलीत जागा नको. पहिल्यासाठी हिशेबतपासनीस हवा. दुसऱ्यासाठी पोलीस आणि स्वतंत्र चौकशी. लैंगिक शोषणाच्या तक्रारी लोकांना सहज करता याव्यात, अशी व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतात असावी, असा नियम पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये केला. तुमच्या चर्चमध्ये अशी तक्रार कोणाकडे न्यायची, हे सूचनाफलकावर लिहिलेले आहे का? नसेल, तर चर्च परिषदेच्या येत्या बैठकीत पहिला विषय हाच घ्या, आणि त्या दिवशी अध्यक्षपद फादरांकडे किंवा पाळकांकडे ठेवू नका.