छापील पट्टी आणि कूपनलिकेचे पाणी



1983 साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांनी अंगावर काळे डाग आणि राठ झालेले तळहात असलेल्या रुग्णांचे निदान केले. कारण निघाले आर्सेनिक, तेही कूपनलिकेच्या पाण्यातले. पुढे बांगलादेशात हेच फार मोठ्या प्रमाणावर आढळले. दैवदुर्विलास असा की, पटकी-हगवणीच्या भीतीने तळ्याचे पाणी सोडून लोक या कूपनलिकांकडे वळले होते.

खरी अडचण पुढेच आहे. एका अंगणातली कूपनलिका विषारी, तर शेजारची चांगली. खोली बदलली, गाळाचा थर बदलला की पाणी बदलते. त्यामुळे गावातून एक नमुना नेऊन भागत नाही, एकूण एक कूपनलिका तपासावी लागते. बांगलादेशात सुमारे 50 लाख कूपनलिका तपासून त्यांना लाल किंवा हिरवा रंग दिला गेला. तपासणी कशी, तर कागदावर उमटलेला डाग रंगतक्त्याशी ताडून! सुरक्षित मर्यादेच्या आसपास डोळा फसतो, आणि निर्णय नेमका तिथेच हवा असतो.

डाग वाचण्याऐवजी आकडा देणारी छापील पट्टी इथे उपयोगी पडते. लग्नपत्रिका ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापतात त्याच तंत्राने प्लास्टिकच्या तुकड्यावर कार्बन आणि चांदीच्या शाईचे तीन इलेक्ट्रोड छापायचे. घरोघरी साखर तपासतात ती पट्टी हिची थोरली बहीण. आर्सेनिकसाठी मधल्या इलेक्ट्रोडवर सोन्याचा पातळ थर देतात. त्याला ऋण विद्युतदाब दिला की पाण्यातले आर्सेनिक त्यावर साचू लागते. मग दाब हळूहळू उलट दिशेने नेला की ठराविक टप्प्यावर ते पुन्हा सुटते, आणि सुटताना वाहणारा प्रवाह मोजला जातो. आधी साठवून मग मोजल्यामुळेच लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग, इतके कमी आर्सेनिकही हाती लागते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादाही तीच.

पंपाशेजारीच मोजण्याचा आणखी एक फायदा आहे. पाणी बाटलीत तसेच ठेवले तर त्यातले लोह हवेने गंजून तळाशी बसते आणि आर्सेनिकही सोबत नेते. म्हणजे नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निष्पाप झालेला!

तरी पट्टीवर आंधळा विश्वास नको. आर्सेनिकची दोन रूपे पाण्यात असतात. एक सहज साचते, दुसऱ्याला आधी रसायनाने बदलावे लागते. पाण्यात तांबे असेल तर आकड्यात गोंधळ होतो. शाईची जाडी थोडी इकडेतिकडे झाली तरी एका घाण्यातली पट्टी दुसऱ्या घाण्यातल्या पट्टीशी जुळत नाही, म्हणून प्रत्येक घाणा ज्ञात द्रावणावर तपासलाच पाहिजे. या तपासणीचाही खर्च असतो, आणि जाहिरातीत तो दिसत नाही. जंतू तर या पट्टीला दिसतच नाहीत.

तेव्हा उद्या तुमच्या ग्रामपंचायतीत कुणी अशी पट्टी विकायला आला, तर किंमत नंतर विचारा. ती कोणते आर्सेनिक मोजते आणि तांबे मिसळलेल्या पाण्यात काय आकडा देते, हे त्याला आधी समोर करून दाखवायला सांगा.