चितळाची वाट

चैत्रांत चंद्रपूरकडील जंगलांत गवत वाळतें, पाणवठे आटतात आणि चितळांचा वावर आकसतो. जेथें मोहाचीं फुलें गळतात किंवा वानरें पाला पाडतात, तेथें तीं सकाळ-सायंकाळ चरतात. दुपारीं बांबूच्या दाट छायेंत रवंथ करीत बसतात. चारा आणि आडोसा यांमधील वाट ज्याला गवसली, त्याला चितळ गवसलें. पूर्वीं हंगामाच्या अखेरीस शिकारी तेथेंच दबा धरी. १९७२ च्या कायद्यानें व त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें शिकार बंद झाली. परंतु चोरटा आजहि त्याच वाटेवर तारेचा फांसा लावतो. माझा एक जुना विद्यार्थी वनरक्षक आहे. पहांटे तो त्याच वाटेनें फांसे काढीत चालतो. वाट ओळखण्याची विद्या दोघांचीहि एकच आहे.