शेततळ्यात मेलेला मासा दिसला तर

मोडनिंब, अरण भागात द्राक्ष-डाळिंबासाठी प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी आहेत. त्यात कुणी रोहू, कटला, मृगळ सोडतात. सकाळी एखादा मासा उलटा तरंगताना दिसला, तर "एकच तर मेला" म्हणून सोडू नका. कारण शोधलं नाही तर उद्या सगळं तळं रिकामं व्हायचं.

आधी एक ताकीद. मासा काढायला तळ्यात उतरू नका. प्लॅस्टिक निसरडं असतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. लांब बांबूला जाळी बांधून काठावरूनच मासा काढा. काठाला गाठी मारलेला दोर कायम बांधलेला असू द्या.

मासा कुजला की पाण्यात अमोनिया वाढतो, म्हणून त्याच दिवशी काढा. तो खाऊ नका, विकू नका, कोंबड्या-कुत्र्यांना घालू नका. विहिरीपासून लांब, कमरेएवढ्या खड्ड्यात चुना टाकून पुरा.

आता कारण बघा. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून आ वासतात का? मोठे मासे आधी मेले का? मग प्राणवायू कमी पडला. हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तेच तो ओढून घेतं. आभाळ असलं की तूट जास्त. कोपरापर्यंत हात बुडवा. तळवा दिसत नसेल तर पाणी फार हिरवं झालं. खाद्य आणि शेण बंद करा. पंप लावून तळ्यातलंच पाणी कारंज्यासारखं उंचावरून पाडा, पहाटे तर नक्कीच. जमेल तेवढं ताजं पाणी सोडा.

लहान-मोठे सगळेच एकदम मेले, तर विषाचा संशय घ्या. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना फार घातक. फवारा वाऱ्याने तळ्यावर जाऊ देऊ नका, पंप तिथे धुवू नका. असं पाणी जनावरांना पाजू नका.

आणि घाईने तळ्यात चुना ओतू नका. त्याने पाण्याचा सामू वाढतो, आणि सामू वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो.

कारण कळलंच नाही, तर बाटलीभर पाणी आणि नुकताच मेलेला मासा बर्फात घालून जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा. नवं बीज त्यानंतरच सोडा.